पैनगंगेच्या अलीकडचं वाढोणा

रेल्वेच्या पाटीवर हिमायतनगर, तहसीलच्या शिक्क्यावर हिमायतनगर, एसटीच्या बोर्डावरही हिमायतनगर. पण महाशिवरात्र जवळ आली की भोकरकडून, किनवटच्या तांड्यांवरून आणि नदीपलीकडच्या ढाणकी-उमरखेडहून जी माणसं निघतात, ती वाढोण्याला निघालेली असतात. 'हिमायतनगरच्या परमेश्वराला जाऊलालो' असं म्हणणारा म्हातारा मला अजून भेटायचा आहे. आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, यात काही विशेष वाटत नसे. ते म्हणत, "गाव वाढोणाच हाय. हिमायतनगर हे सरकारी काम." आणि सरकारी कामाशी ते जन्मभर जसे वागले तसेच त्या नावाशीही वागले. चावडीत गेलं की एक, घरी आलं की दुसरं.

नाव मात्र फार मोठ्या घरचं. हिमायत अली खान हा सातवा निजाम मीर उस्मान अली खान याचा थोरला मुलगा. जन्म 1907 चा. आझम जाह ही त्याची पदवी. हैदराबादजवळचा हिमायतसागर त्याच्याच नावाचा, आणि खुद्द हैदराबाद शहरातही एक हिमायतनगर आहे. 12 नोव्हेंबर 1931 रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात त्याचं लग्न झालं. नवरी दुर्रुशेहवार, तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची, अब्दुल मजीद दुसरा याची मुलगी. गादी गेल्यावर खलिफा 1924 पासून देशोधडीला लागलेला, आणि व्याही जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जाणारा. त्याच दिवशी धाकट्या शहजाद्याचं लग्न खलिफाच्या नात्यातल्या निलोफरशी लागलं. भूमध्य समुद्राच्या काठी हा सोहळा चालला होता, तेव्हा आमचं गाव ज्यात होतं त्या हदगाव तहसिलीत खरिपाची ज्वारी खळ्यावर यायला लागली असणार.

या शहजाद्याला 1936 साली आणखी एक किताब मिळाला: प्रिन्स ऑफ बेरार, म्हणजे वऱ्हाडचा युवराज. हा किताब वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे नदीवर गेलो की तो पुन्हा लागणार आहे. युवराज असूनही तो निजाम झाला नाही. बापानं त्याला बाजूला सारून नातवाला, मुकर्रम जाहला, वारस केलं. 1967 च्या फेब्रुवारीत उस्मान अली वारला तेव्हा मान नातवाला मिळाला, आणि हिमायत अली त्यानंतर तीन वर्षांनी गेला. गादी नाही, वऱ्हाड नाही. पण बापाचं नाव असलेला उस्मानाबाद जिल्हा 2023 साली परत धाराशिव झाला, मोमिनाबादचं अंबाजोगाई तर कधीच झालं होतं, आणि मुलाचं नाव आमच्या तालुक्याच्या शिक्क्यावर अजून शाबूत आहे. तो कधी गावाला आला होता का, असं आबांना विचारलं की ते हसत. "त्याला काय पडलं होतं? वसूल गेला म्हंजे झालं."

वसुलाच्या पावत्या आमच्या घरात एका पत्र्याच्या पेटीत होत्या. पेटी उघडली की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येई, मग खाली जुनाट कागदाचा. कागद तपकिरी, घड्यांवर फाटलेले, आणि सगळे उर्दूत. 1884 पासून निजामाचा दरबारी कारभार फारसीतून उर्दूत आला आणि 1948 पर्यंत तसाच चालला, तेव्हा मराठी शेतकऱ्याच्या शेताचा पुरावा त्यालाच वाचता येऊ नये अशी सोय होती. आबा चौथीपर्यंत उर्दूत शिकलेले. छापील अक्षर त्यांना लागे, पण पटवाऱ्याची घसीट लागत नसे. त्यासाठी आमच्या गल्लीतले चाचा. कुणाची वाटणी असो, कुणाचा बांधाचा वाद असो, लोक कागद घेऊन त्यांच्या ओसरीवर येत. चाचा चष्मा कपाळावर सरकवत, कागद डोळ्यांपाशी नेत, आणि आधी स्वतःशीच पुटपुटून मग मोठ्यानं मराठीत सांगत. पैसे घेत नसत. चहा मात्र लागे, आणि तो दुधाचा.

आमच्या पेटीतली एक पावती त्यांनी मला शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचून दाखवली होती. तहसील हदगाव. महिना दै. सन 1341 फसली. रक्कम हाली, म्हणजे निजामाच्या, रुपयांत. फसली साल म्हणजे शेतीच्या हंगामावर बेतलेलं वर्ष. ते ऑक्टोबरात सुरू होई, आणि त्याचे महिने आजूर, दै, बहमन असे इराणी नावांचे. फसलीत 590 मिळवले की इंग्रजी साल साधारण निघतं. तेव्हा दै 1341 म्हणजे 1931 चा नोव्हेंबर, फार तर डिसेंबरचा आरंभ. मी हिशेब केला आणि चाचांना म्हटलं, चाचा, शहजाद्याचं लग्न याच महिन्यातलं. त्यांनी पावतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "तर मग आहेर पोचला म्हणायचा तुमच्या घरचा."

गाव म्हणून दाखवावं असं आमच्याकडे काय आहे, हे पाहुण्यांना सांगताना आम्ही सगळे परमेश्वरापासूनच सुरुवात करतो. शंकराचं देऊळ म्हटलं की गाभाऱ्यात पिंड असणार, हे गृहीत. वाढोण्याला मूर्ती आहे, आणि तीही उभी. नवखा माणूस दारात क्षणभर थबकतो, तो याचमुळे. आबांची गोष्ट अशी की एका कुणब्याच्या नांगराचा फाळ शेतात कशालातरी अडला, बैल पुढे जाईनात, उकरून पाहिलं तर देव. ही गोष्ट महाराष्ट्रात किती देवळांबद्दल सांगतात याची गणती नाही, म्हणून लहानपणी शिकून शहाणा झाल्यावर मी तिला नाक मुरडायला लागलो होतो. आता तसं वाटत नाही. मराठवाड्यावर यादवांच्या अमदानीनंतर इतक्या फौजा येऊन गेल्या की मूर्ती पुरून ठेवणं ही देव वाचवायची साधी रीत झाली होती, आणि पुरलेली वस्तू नांगरालाच सापडणार. गोष्टीत चमत्कार आहे तो बैलांचा. बाकीचा भाग मला बराचसा कारभारी वाटतो.

महाशिवरात्रीची यात्रा एका दिवसात आटपत नाही, पुढे कित्येक दिवस गाव यात्रेतच असतं. भजनं, कबड्डी, जनावरं, पाळणे, आणि सगळ्यांत वर कुस्त्यांची दंगल. दंगल सुरू होते ती पोराटोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. चड्डी सावरत उतरलेली आठ-दहा वर्षांची पोरं, जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या, आणि हरणाऱ्याच्याही, कारण पंच त्याचाच मामा. मग नारळाच्या कुस्त्या, मग रोख बक्षिसांच्या. उन्हं उतरता उतरता नांदेड, परभणी, हिंगोलीचे आणि नदीपलीकडून पुसद-उमरखेडचे मल्ल उतरतात. आता तिथे माईक लागला आहे आणि पुढाऱ्यांची नावं घेण्यात कुस्तीपेक्षा जास्त वेळ जातो. तेवढं सोडलं तर मैदान तेच आहे. लाल मातीत हळद आणि तेल मिसळल्याचा वास एकदा नाकात बसला की दंगल कुठल्या दिशेला आहे ते विचारावं लागत नाही.

यात्रेत बांगड्यांची, अत्तराची, लाखेच्या खेळण्यांची दुकानं बहुतेक मुसलमान दुकानदारांची असत. चाचांचे एक भाऊबंद दर वर्षी किनवटकडून बांगड्यांच्या पेट्या घेऊन येत आणि आमच्या ओसरीवर पथारी टाकत. आज्जी त्यांना चुलीवरची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढी. जाताना ते घरातल्या सगळ्या लेकीसुनांच्या हातात बांगड्या भरून जात. हिशेब कुणी केल्याचं आठवत नाही.

ही आज्जी वऱ्हाडातली. माहेर ढाणकीच्या बाजूचं, म्हणजे आमच्या गावाहून नदी ओलांडली की पहिला मुलूख. गांजेगावचा पूल पुढे झाला. तिच्या लग्नाच्या वेळी नाव होती, नाहीतर उन्हाळ्यात उतार. सासरी येऊन आयुष्य गेलं तरी तिची बोली काही आमची झाली नाही. आबा 'काय करूलालीस' म्हणत आणि ती 'काहून वो' म्हणे, आणि आम्ही पोरं दोन्ही बोलत असू, समोर कोण आहे ते पाहून. तिच्या गोष्टींत पैनगंगा ही नदी कमी आणि नाका जास्त असे. कारण ती खरोखरच दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे निजाम, पलीकडे इंग्रज. अलीकडे चारमिनाराचं चित्र असलेला हाली रुपया, पलीकडे राणीचा आणि मग राजाचा कलदार. सहा कलदारांना सात हाली, हा भाव बायांनाही तोंडपाठ. माल आणला की करोडगिरी, म्हणजे जकात. नाकेदार गाठोडं सोडून बघे. आज्जीच्या माहेरच्या बायांनी यावर तोड काढली होती. माहेरपणाहून येताना नवी लुगडी गाठोड्यात बांधायची नाहीत, एकावर एक नेसायची. "जाताना पाह्यलं तं काडीवानी, अन् येताना समद्या बाया लठ्ठ," असं म्हणून ती पोट धरून हसे. नाकेदाराला कळत नसेल का? कळत असणार. पण बाईच्या लुगड्याला हात लावायची त्याची छाती नव्हती. एवढ्यापुरतं निजामाचं राज्य नदीवर संपत होतं.

"मले तं हद्द म्हंजे काय तेच नाई समजे," असं ती नेहमी म्हणे. "पानी तेच, वाळू तेच, आन् मीठ इकून तिकडं नेलं तं चोरी." हद्द तिथे कशी आली हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आमच्या शाळेतही नाही. मी ते पुढे पुस्तकांतून जुळवलं, आणि जुळवता जुळवता आमच्याच जुन्या हदगाव तालुक्यातल्या एका गावापाशी येऊन थांबलो. ते गाव नाव्हा.

नाव्ह्याच्या गढीत हटकरांचा नोवसाजी नाईक होता. पेशवाई बुडाली त्याच सुमाराची ही गोष्ट. निजामाच्या मुलखात त्यानं आपली सत्ता उभी केली, पदरी अरब शिपाई ठेवले आणि निजामाला जुमानेनासा झाला. जानेवारी 1819 मध्ये पिटमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालची निजामाची फौज नाव्ह्यावर चालून आली. 8 तारखेला वेढा पडला आणि 31 तारखेला गढी पडली. मराठवाड्यातल्या एका मातीच्या गढीनं तोफांपुढे तीन आठवडे काढले. धनगर-हटकर घरांत नोवसाजीची आठवण आजही अभिमानाने सांगतात. आबांच्या गोष्टीत तर तो कधीच सापडत नाही, भुयारातून निघून जातो. इतिहासात तसं आहे की नाही याची आबांना फिकीर नव्हती.

गंमत अशी की नाव्ह्याची खूण विजेत्यांकडेच जास्त नीट राहिली. 1851 साली इंग्रजांनी जुन्या हिंदी लढायांतल्या हयात शिपायांसाठी चांदीचं पदक काढलं, त्याला लढाईगणिक एक पट्टी होती, आणि त्यातल्या एका पट्टीवर नाव्ह्याचं नाव कोरलेलं आहे. आज ती पदकं लंडनच्या लिलावांत विकली जातात. त्या फौजेतल्या पलटणी नावं बदलत बदलत 1945 साली कुमाऊं रेजिमेंट झाल्या, म्हणून कुमाऊंच्या जुन्या युद्धसन्मानांत नागपूर आणि महिदपूरबरोबर नाव्हाही आहे. रानीखेतच्या पहाडातल्या शिपायाला हदगाव तालुक्यातलं हे गाव कुठे आहे ते माहीत असण्याचं कारण नाही. हदगावच्या एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या पोरालाही ते कुणी सांगितलेलं नसतं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता हद्द. ही जी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची निजामाची फौज, ती पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून वाढत गेली. हुकूम इंग्रजांचा, पगार निजामाचा. पगार थकला की तो इंग्रज भरत आणि निजामाच्या नावे कर्ज मांडत. कर्ज फुगलं तेव्हा 1853 साली डलहौसीनं त्यापोटी वऱ्हाड लिहून घेतलं. धाराशिव आणि रायचूर दोआबही घेतले होते, ते 1860 साली परत दिले. वऱ्हाड काही दिलं नाही, कारण कापूस. 1902 मध्ये कर्झननं ते वर्षाला 25 लाख रुपयांच्या मक्त्यावर कायमचंच घेतलं. मग पैनगंगा, जी अजिंठ्याच्या डोंगरात उगवते आणि पुढे वर्धेला मिळते, ती आमच्या भागात घर आणि गोठा यांमधल्या भिंतीसारखी उभी राहिली. नाव्ह्यासारख्या गढ्या पाडायला पोसलेल्या फौजेच्या बिलापायी आज्जीला एकावर एक लुगडी नेसावी लागली, हे तिला ऐकवलं असतं तर ती नक्की म्हणाली असती, "पाय बाई, लोकाचं करनं आन् आपल्या जिवाले घोर."

आणि 1936 साली त्या वऱ्हाडची मालकी कागदोपत्री निजामाची आहे हे मान्य करून, राज्य मात्र आपल्याकडेच ठेवून, इंग्रजांनी त्याच्या मुलाला वऱ्हाडचा युवराज केलं. वऱ्हाड त्याच्या नावाच्या गावाहून गाडीबैलानं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं.

पलीकडे इंग्रज असण्याचा फायदा पुढे झाला तो निजामाविरुद्ध लढणाऱ्यांना. 15 ऑगस्ट 1947 ला नदीपलीकडे झेंडावंदन झालं, अलीकडे तिरंगा लावणं गुन्हा होता. लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. मग स्टेट काँग्रेसनं हद्दीबाहेर कॅम्प उघडले. आमच्या बाजूचा मोठा कॅम्प उमरखेडला. तिकडून माणसं रात्री नदी उतरून येत, करोडगिरीचे नाके जाळत, लेव्हीचं धान्य काढून लोकांत वाटत, शिंदीची झाडं तोडत, म्हणजे ताडी-शिंदीवरचं सरकारी उत्पन्न बुडे. निजामाच्या बाजूला लातूरचा वकील कासिम रझवी रझाकारांचा सेनापती झालेला. आबा तेव्हा विशीच्या आतबाहेर. ते कॅम्पात नव्हते. हे ते स्वतःच सांगत, आणि त्यासाठी मला त्यांचा जास्त भरवसा वाटतो, कारण पुढे गावोगाव कॅम्पात असल्याचं सांगणारे इतके निघाले की उमरखेडला तेवढी जागा नव्हती. आबांचं काम एवढंच की रात्री कुणी दाराची कडी हलकेच वाजवली तर भाकरी बांधून द्यायची, आणि सकाळी कुणी विचारलं तर आपण गाढ झोपलो होतो.

उमरीच्या बँकेची गोष्ट ते सगळ्यांत रंगवून सांगत. 30 जानेवारी 1948. भरदिवसा स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची हैदराबाद स्टेट बँक लुटली आणि लाखोंची रक्कम उमरखेडच्या कॅम्पात पोचवली. उमरी ते उमरखेड म्हणजे मधे सगळा भोकर-हदगावचा, आमच्याच पायाखालचा मुलूख. पैशाची पै न् पै हिशेबात आली, कुणाच्या खिशात गेली नाही, यावर आबांचा आवाज चढे. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या. गावात दोन्ही बातम्या पाठोपाठ आल्या, आणि उमरीची बातमी सांगायला आलेला माणूस दुसरी ऐकून मटकन खाली बसला, असं ते सांगत.

या लढ्यातले हुतात्मा जयवंतराव पाटील यांचं नाव आमच्या गावच्या महाविद्यालयाला दिलं आहे. माझ्या पिढीतली निम्मी मुलं तिथे शिकली. गॅदरिंगला त्यांच्या प्रतिमेला हार घालायचा, भाषण व्हायचं, आणि मग नाटक. भाषण लांबलं तर मागच्या बाकांवरून खोकले सुरू व्हायचे. आज वाटतं, भाषणांपेक्षा त्या मुलांना पैनगंगेच्या काठी नेऊन, माणसं कुठून उतरत ते नुसतं दाखवलं असतं तरी पुरे होतं.

आज्जीच्या आठवणीत मात्र त्या वर्षाचं एकच नाव, मीठ. भारत सरकारनं हैदराबादची नाकेबंदी केली होती. मीठ, रॉकेल, कापड काहीच येईना. बिनमिठाचं वरण खाऊन आमच्या आत्याबाई आठ दिवस रुसल्या होत्या म्हणे. तेव्हा माहेरच्या कुणी चार पायल्या मीठ लपवून अलीकडे आणलं, आणि ते घेऊन आज्जीनं गल्लीत घरटी मूठमूठ वाटलं. चाचांच्या घरी पहिली मूठ.

13 सप्टेंबर 1948 ला भारताची फौज हैदराबाद संस्थानात शिरली, हीच पोलीस ॲक्शन, आणि 17 तारखेला निजामानं शरणागती दिली. आमच्याकडे हा मुक्तिसंग्राम दिन, नांदेडच्या विद्यापीठाला स्वामीजींचं नाव आहे ते त्याचसाठी. 17 सप्टेंबरपर्यंतच्या गोष्टी आबा कितीदाही सांगत. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांवर मात्र ते येत नसत. मी मोठा झाल्यावर पंडित सुंदरलाल समितीबद्दल वाचलं. त्या वर्षअखेर ही समिती हैदराबाद संस्थानात फिरली होती. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर सर्वांत जास्त अत्याचार झाले, असं तिनं लिहिलं, आणि तो अहवाल सरकारनं कित्येक दशकं बाहेर येऊ दिला नाही. रझाकारांनी जे केलं ते आमच्या प्रत्येक घराला पाठ आहे, ते विसरावं असं कुणी म्हणणार नाही. पण हे दुसरं पान आमच्या गोष्टींतून इतकं सफाईनं गळालं की मला ते छापील कागदावर भेटलं. आबांना विचारलं, तेव्हा ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "चाचाचा बाप आपल्या धान्याच्या बळदात होता," एवढंच म्हणाले. किती दिवस, कुणापासून, काही नाही. चाचांना विचारायचं धाडस मला झालं नाही. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलांना उर्दू वाचता येतं, पण पटवाऱ्याची घसीट लागत नाही. पेटीतले उरलेले कागद तसेच आहेत.

गावातलं बाकीचं सांगण्यासारखं म्हणजे कालिंकेचं देऊळ, जिथे नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते, बोरगडीचा मारोती, आणि स्टेशन. स्टेशन निजामाच्या रेल्वेचं, मुदखेडहून आदिलाबादला जाणाऱ्या फाट्यावरचं. छोट्या लाईनच्या काळात किनवटच्या जंगलातलं सागवान या रुळांवरून बाहेर जाई. आबा म्हणत, जंगल गाडीत बसून गेलं. आता मोठी लाईन झाली आहे, मुंबईची नंदिग्राम थांबते, आणि पुण्या-मुंबईला नोकरी करणारी पोरं दिवाळीत तिच्यातून उतरतात. आबांना छोटी गाडीच आवडे. ती इतकी सावकाश जाई की ओळखीचं माणूस शेतात दिसलं तर दोन वाक्यं बोलून होत.

1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला, वऱ्हाडही आलं, आणि किनवट आदिलाबाद जिल्ह्यातून काढून नांदेडला जोडलं. आज्जीचं माहेर आणि सासर एका राज्यात आलं. नाका उठला, हाली रुपया पुढे बंद झाला. पैनगंगा आता नुसती जिल्ह्याची हद्द आहे, अलीकडे नांदेड, पलीकडे यवतमाळ. इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की गांजेगावचा पूल पाण्याखाली जातो आणि मग तेवढ्यापुरते आम्ही पुन्हा दोन मुलूख होतो.

एक भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. पुढे इस्लापूरजवळ ही नदी काळ्या कातळावरून फुटून खाली पडते, त्याला सहस्रकुंड म्हणतात. परशुरामाच्या बाणानं फुटली म्हणून बाणगंगा, असं जुने लोक सांगतात, आणि धबधब्यापाशी महादेव आहे. पावसाळ्यात रविवारी दोन्ही काठांवर माणूस मावत नाही, अलीकडे नांदेडचे, पलीकडे उमरखेडचे. धबधबा कुणाचा, यावर आज्जीचे भाऊ आणि आबा यांची दर श्रावणात जुंपत असे. मामा-आजोबांचं म्हणणं, पाणी आमच्या अंगाला पडते. आबांचं म्हणणं, पडलेलं पाणी बघायला तुम्हाला इकडंच यावं लागतं, तिकडून नुसता फेस दिसतो. दोघेही गेले. मागच्या पावसाळ्यात माझा मुलगा आणि ढाणकीचा त्याचा मामेभाऊ मोबाइल उंच धरून तेच भांडत होते, आणि मामेभावानं पलीकडून काढलेला फोटो, खरं सांगायचं तर, चांगला होता.